ब्रेक ऑइल घटतंय, गळती मात्र दिसत नाही: बॅकहो लोडरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मशीन म्हणजे बॅकहो लोडर, पुढे बकेट आणि मागे खोदणारा हात असलेलं; सुमारे ७,२०० तास चाललेलं. काम पायाखोदाईचं. खड्ड्यात उतरायला मातीचाच उतार केलेला, आणि त्यावरून दिवसातून वीस-पंचवीस वेळा भरल्या बकेटनिशी ये-जा. दोन ऑपरेटर पाळीपाळीने चालवत. तासांची वही नीट ठेवलेली होती, इंजिन ऑइल आणि फिल्टर वेळेवर बदललेले होते. ब्रेक ऑइल कोणी, कधी, किती आणि कोणतं टाकलं, याची मात्र एक ओळही त्या वहीत नव्हती. पुढचा सगळा घोळ या न लिहिलेल्या ओळीत होता.

या मशीनचे ब्रेक मागच्या एक्सलच्या आत, एक्सलच्या तेलात बुडालेले असतात. प्रत्येक बाजूला ५ फ्रिक्शन प्लेट (घर्षणाचं अस्तर लावलेल्या), त्यांच्यामध्ये स्टीलच्या प्लेट, आणि हे सगळं दाबणारा बांगडीसारखा मोठा गोल पिस्टन. पिस्टनच्या बाहेरच्या आणि आतल्या कडेला एकेक सील. सीलच्या एका बाजूला ब्रेकचं ऑइल, दुसऱ्या बाजूला एक्सलचं तेल. म्हणजे दोन तेलांमधली भिंत म्हणजे ते सील.

पेडल दोन, डावं आणि उजवं, मध्ये जोडणारी पट्टी. प्रत्येक पेडलला स्वतंत्र मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा), ऑइलची टाकी मात्र दोघांना मिळून एक. दोन्ही पेडल एकत्र दाबली की सिलिंडरमधले व्हॉल्व्ह उघडतात आणि एका बॅलन्स पाइपमधून दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. एकच पेडल दाबलं तर तो मार्ग बंद राहतो आणि त्याच बाजूचा ब्रेक लागतो.

अडचण

सुरुवात नेहमीसारखी झाली. पेडल थोडं खाली जाऊ लागलं, टाकीत ऑइल कमी दिसलं, साधारण २०० मिली भरलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग रोज. नऊ दिवसांत मिळून सुमारे २ लिटर ऑइल टाकलं गेलं, आणि मशीनखाली एक थेंबही नाही. पाइप कोरडे, होज कोरडे, चाकांच्या आतल्या बाजू कोरड्या.

पेडल दोन-तीनदा मारलं की ब्रेक लागायचा, म्हणून काम थांबलं नाही. दोघांनी आपापली युक्ती काढली. एकजण उतारावर हँडब्रेक ओढून वेग कमी करायचा. दुसरा पुढे-मागेचा लिव्हर उलट टाकून मशीन थोपवायचा. दोन्ही युक्त्यांची किंमत पुढे मोजावी लागली.

दहाव्या दिवशी उतारावर भरली बकेट घेऊन खाली येताना पेडल तळाला टेकलं, पुन्हा मारलं तरी वर आलं नाही. ऑपरेटरने लोडर बकेट जमिनीवर दाबली आणि मशीन घासत थांबलं. खड्ड्यात तेव्हा माणसं नव्हती. बकेट टेकवणं हा शेवटचा उपाय म्हणून बरोबरच होता. चूक आधीच्या नऊ दिवसांची होती.

पहिला अंदाज आणि तो का फसला

बोलावलेल्या फिटरने पाहिलं: बाहेर गळती नाही, पेडल खाली जातं. निष्कर्ष काढला की मास्टर सिलिंडर आतून पास होतोय, म्हणजे त्याचं सील दाब न धरता ऑइल मागे सोडतंय. दोन्ही सिलिंडर खोलून सील किट बदललं, हवा काढली. पेडल वर आलं. दोन दिवस मशीन चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं.

हा अंदाज वेडगळ नव्हता. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. मास्टर सिलिंडरचं सील आतून पास होतं तेव्हा ऑइल सीलच्या मागे जाऊन पुन्हा टाकीतच परततं. पेडल हळूहळू बुडतं, पण टाकीतली पातळी घटत नाही. सिलिंडरमुळेच पातळी घटायची असेल तर मागचं सील गेलेलं हवं, आणि मग ऑइल पुशरॉडच्या रबरी बूटमध्ये किंवा पेडलपाशी दिसायला हवं. तो बूट आतून कोरडा होता. मग ते २ लिटर गेलं कुठं, हा प्रश्न विचारला असता तर सिलिंडर खोलण्याआधीच उत्तर एक्सलकडे बोट दाखवत होतं.

दोन दिवस फरक पडला तो नव्या सीलमुळे नव्हे. हवा निघाली आणि टाकी काठोकाठ भरली, एवढंच.

दुसऱ्यांदा निदान

या वेळी काहीही खोलण्याआधी क्रमाने तपासणी केली. मशीन सपाट, कडक जमिनीवर, बकेट टेकवलेली, चाकांना ओंडके.

आधी पेडलमधली पट्टी काढली आणि पेडल वेगवेगळी दाबली. उजवं घट्ट, जागच्या जागी. डावं बुडालं. दोन्ही एकत्र दाबल्यावर दोन्ही नरम. या तीन ओळींत अर्धं निदान होतं: बिघाड डाव्या बाजूला आहे, आणि एकत्र दाबताना उजवीकडचा दाबही बॅलन्स पाइपमधून डावीकडे वाहून जातोय. पट्टी लावून ठेवलेली असल्यामुळे नऊ दिवस हे कोणाला कळलं नव्हतं. रस्त्यावर आणि उतारावर ती पट्टी लावलेलीच हवी. पण निदान करताना ती आधी काढायची.

मग डाव्या मास्टर सिलिंडरच्या तोंडाशी पाइप सोडून तिथे बंद प्लग लावला, प्लगपाशीच हवा काढली. पेडल दगडासारखं. म्हणजे सिलिंडर निर्दोष, गळती पुढे.

एक्सलचा लेव्हल प्लग, म्हणजे तेलाची पातळी पाहायचं बूच, उघडला. तेल प्लगच्या खालच्या कडेला टेकलेलं असावं, इथे धारच लागली. सुमारे दीड लिटर तेल बाहेर आलं, तेही ताकासारखं गढूळ. उरलेलं कुठं गेलं याचं उत्तर एक्सलच्या डोक्यावर होतं: ब्रीदरभोवती (एक्सलमधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडाभोवती) ताटाएवढा ओला, धुळीने काळवंडलेला डाग. एक्सल जास्त भरलं की गरम झाल्यावर तेल ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. हा डाग आठवडाभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, पण एक्सलवर धूळ चिकटलेलीच असते असं म्हणून कोणी बघितलं नाही.

शेवटी खात्रीसाठी पारदर्शक नळीची चाचणी केली. ब्रेकचा पाइप एक्सलवरून सोडून त्या जागी नळी उभी जोडली, ऑइलने अर्धी भरली, हवा निघू दिली आणि पातळीवर खूण केली. डावीकडे १० मिनिटांत पातळी ४ सेंमी उतरली. उजवीकडे अर्ध्या तासात खूण हलली नाही. ही चाचणी बिनखर्चाची आहे आणि एका कारणाने मोलाची: ओठाचं सील, म्हणजे पातळ कडेने भिंतीला टेकणारं, जास्त दाबाखाली कधी कधी भिंतीला घट्ट चिकटून गळती लपवतं आणि कमी दाबात झिरपतं. नुसत्या हातपंपाने जास्त दाब देऊन पाहिलं तर असं सील चांगलं असल्याचा भास होऊ शकतो.

मूळ कारण

सील गेलं हे कळलं. पण का गेलं? ७,२०० तासांत ते झिजलेलं असू शकतं, आणि बरेचजण इथेच थांबतात. टाकीतलं ऑइल ड्रॉपरने काढून पेलाभर पाण्यात टाकलं तेव्हा खरं कारण दिसलं. काही थेंब तरंगले, काही पाण्यात विरघळून गेले.

या मशीनच्या ब्रेकमध्ये खनिज तेल लागतं. मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणावर तसं लिहिलेलं होतं, झाकणावरची अक्षरं धुळीखाली गेलेली. गाड्यांमध्ये वापरतात ते डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि पाण्यात मिसळतं. खनिज तेल मिसळत नाही, वर तरंगतं. दोन्ही प्रकारांसाठी सीलचं रबर वेगळं असतं. खनिज तेलाच्या यंत्रणेत नायट्राइल रबर असतं. ग्लायकॉलमध्ये ते फुगतं आणि मऊ पडतं. उलट चूकही तितकीच वाईट: गाडीच्या ब्रेकमधलं ईपीडीएम रबर खनिज तेलात अक्षरशः दुप्पट दिसेल इतकं फुगू शकतं.

आणखी एक बारीक गोष्ट. ग्लायकॉलचं फ्लुइड खनिज तेलापेक्षा जड असतं. वरून ‘थोडंसंच’ टाकलेलं फ्लुइड टाकीत तळाला जाऊन बसतं, आणि सिलिंडरकडे जाणारी भोकं तळालाच असतात. त्यामुळे सीलपर्यंत सगळ्यात आधी चुकीचंच ऑइल पोचतं.

चौकशीत कळलं की तीनेक महिन्यांपूर्वी एकदा पातळी थोडी कमी दिसली होती आणि हाताशी असलेली ब्रेक फ्लुइडची बाटली ओतली गेली. बाटलीवर ‘ब्रेक’ लिहिलेलं होतं, टाकी ब्रेकची होती. इतका साधा तर्क. नंतरच्या नऊ दिवसांत तीच बाटली पुन्हा पुन्हा आली.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, फक्त डाव्या बाजूचं सील बदलणं. जागेवरच दोन दिवसांत होण्यासारखं काम. मशीनमालकाला हेच हवं होतं, आणि बिघाड नुसत्या झिजेचा असता तर तेही मान्य करता आलं असतं. दुसरा, ब्रेक ऑइल लागणारी प्रत्येक रबरी वस्तू बदलणं: दोन्ही पिस्टनची सील, दोन्ही मास्टर सिलिंडरची किट, होज. चार ते पाच दिवस. तिसरा, तयार एक्सल आणून बसवणं. वेळ कमी, खर्च सगळ्यात जास्त, आणि मास्टर सिलिंडर व होजचा प्रश्न तसाच राहतो.

मालकाचं म्हणणं होतं की उजवी बाजू गळत नाही, मग ती का उघडायची. त्यावर मधला मार्ग ठरला: डावी बाजू आधी उघडू, सील हातात घेऊन पाहू, मग ठरवू. डावं सील निघालं ते खोबणीबाहेर फुगलेलं, नखाने दाबलं तर खळगा राहणारं. तेच ऑइल उजवीकडेही होतं. उजवी बाजू उघडली तेव्हा सील तितकंच मऊ होतं, फक्त ओठ अजून फाटलेला नव्हता. आणखी महिनाभरात पुन्हा तेच एक्सल उघडावं लागलं असतं.

काही दिवसांपूर्वीच घातलेलं मास्टर सिलिंडरचं नवं किटही फेकावं लागलं. यावर बराच वाद झाला. पण मिश्र ऑइलमध्ये बुडालेलं रबर आज बरं दिसतं म्हणून ठेवायचं, हा ब्रेकच्या बाबतीत परवडणारा जुगार नाही.

प्रत्यक्ष काम

मशीन मागून उचललं, एक्सलखाली घोडे (लोखंडी आधार) लावले. इथे एक धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. या मशीनचा हँडब्रेक गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टवर आहे. मागची चाकं उचलली आणि शाफ्ट सोडला की तो हँडब्रेक मशीन धरत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके आणि बकेट जमिनीवर, याला पर्याय नाही.

एक्सलच्या मधल्या भागातलं आणि दोन्ही हबमधलं (चाक बसतं त्या टोकाच्या भागातलं) तेल वेगवेगळं काढलं. हबचे प्लग वेगळे असतात. फक्त मधला प्लग काढून एक्सल रिकामं झालं असं समजलं तर हबमध्ये जुनं तेल राहतं. चाक काढून एक्सलच्या भुजेला (मधल्या हाउसिंगपासून चाकापर्यंतच्या भागाला) हॉइस्टचा पट्टा लावला, भुजा आणि मधल्या हाउसिंगवर आरपार खूण केली आणि बोल्ट सोडले. भुजा हबसकट दोन माणसांना पेलणारी नसते. पट्टा ताणलेला नसताना शेवटचा बोल्ट काढला की ती खाली बसते आणि बोटं मध्ये सापडतात.

प्लेट निघाल्या त्या क्रमाने तारेत ओवून ठेवल्या. डावीकडच्या दोन फ्रिक्शन प्लेटच्या कडेचं अस्तर सुटायला लागलं होतं. कागदी जातीच्या या अस्तराला आणि ते चिकटवणाऱ्या गोंदाला पाणी शोषणारं फ्लुइड सोसत नाही. उजवीकडच्या प्लेटवरच्या खाचा स्पष्ट होत्या, त्या चालल्याही असत्या. पण एका बाजूला नव्या आणि दुसऱ्या बाजूला जुन्या प्लेट ठेवल्या तर पकड असमान होते. बॅलन्स पाइप दाब सारखा करतो, पकड नाही. दोन्ही बाजूंचे संच बदलले.

पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही. हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो. हातपंपाने ऑइल सोडून तो हळू ढकलला. खोबण्या लाकडी काडीने आणि फडक्याने साफ केल्या, स्क्रू ड्रायव्हरने नाही. डाव्या बोअरच्या (पिस्टन सरकतो त्या पोकळीच्या) सील लागणाऱ्या पट्ट्यावर गंजाचे फिकट ठिपके होते. बारीक पॉलिश पेपरने फिरवल्यावर निघाले आणि नख अडकेनासं झालं. नख अडकलं असतं तर नवं सील घालून काही उपयोग नव्हता, हाउसिंगच बदलावं लागलं असतं. डावं सील आधी का गेलं याचं स्पष्टीकरण बहुधा या ठिपक्यांत आहे.

नवी सील ताज्या खनिज ब्रेक ऑइलने ओली करून, पीळ न पडू देता बसवली. पिस्टन हातोडीने नव्हे, तर चहूबाजूंनी सारखा दाब देत आत सरकवला. एकीकडून तिरका गेला की सीलची कड कापली जाते आणि ते भुजा बंद केल्यावरच कळतं. नव्या फ्रिक्शन प्लेट रात्रभर एक्सलच्या तेलात भिजत ठेवल्या होत्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच काही ब्रेकमध्ये अस्तर जळतं.

भुजा लावून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलच्या टॉर्कला कसले. चाक चढवण्याआधी हातपंपाने आधी कमी आणि मग जास्त दाब देऊन दोन्ही बाजू तपासल्या. चाक, तेल, सगळं झाल्यावर गळती सापडली तर पूर्ण दिवस जातो.

टाकी उतरवून धुतली. लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुवून कोरड्या हवेने फुंकले आणि शेवटी खनिज ब्रेक ऑइलने खळबळून ते ऑइल फेकून दिलं. होज नवे. एक्सलमध्ये तेलातल्या ब्रेकसाठी सांगितलेलंच तेल भरलं. साधं गिअर ऑइल गिअरना चालतं, पण या प्लेटना नाही. ब्रेक लावताना घुमल्यासारखा आवाज येतो आणि पकड बदलते.

हवा काढण्याचे टप्पे

इथे घाई केली की केलेलं काम वाया जातं. डाव्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) नळी लावून डावं पेडल पूर्ण दाबत बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. तसंच उजवीकडे. बरेचजण इथे थांबतात, आणि बॅलन्स पाइपमधली हवा तशीच राहते. ती काढायला एका बाजूचा निपल उघडून त्या बाजूचं पेडल थोडंसं दाबून धरायचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि दुसरं पेडल पूर्ण दाबत राहायचं. मग बाजू बदलून पुन्हा. पेडल वेगवेगळी दाबून घट्ट आणि एकत्र दाबून नरम लागत असतील आणि गळती कुठेच नसेल, तर हवा बॅलन्स पाइपमध्ये आहे. निपलमधून निघालेलं ऑइल टाकीत परत ओतलं नाही.

परिणाम

दोन्ही पेडल दोन मिनिटं पूर्ण जोराने दाबून धरली, बुडाली नाहीत. सपाट जागेवर हळू वेगात, मग भरल्या बकेटने, शेवटी उतारावर चाचणी घेतली. मशीन सरळ थांबलं, कुठल्या बाजूला ओढलं नाही.

हँडब्रेक मात्र उतारावर धरेना. नऊ दिवस चालत्या मशीनवर ओढल्यामुळे त्याचे पॅड काचेसारखे गुळगुळीत झाले होते, डिस्क निळी पडली होती. उभं मशीन धरून ठेवणं एवढंच त्याचं काम, वेग मारणं नाही. पॅड आणि डिस्क बदलली. गिअरबॉक्सचं तेल काळपट आणि जळका वास असलेलं होतं, तेही फिल्टरसह बदललं. लिव्हर उलट टाकून मशीन थोपवलं की तो सगळा भार क्लचच्या प्लेटवर येतो. तिथे किती झीज झाली ते गिअरबॉक्स न उघडता सांगता येत नाही.

पहिले दहाएक तास सकाळच्या गार मशीनवर ब्रेक लावताना बारीक घूं आवाज यायचा, प्लेट बसल्यावर गेला. १० तासांनी एक्सलची पातळी तपासली, हलली नव्हती. ५० तासांनी एक्सलचं तेल पुन्हा बदललं, कारण कोपऱ्याकापऱ्यांत जुनं गढूळ तेल राहतंच. निघालेलं तेल किंचित धुरकट होतं. २५० तासांनंतरही ब्रेकच्या टाकीतली पातळी खुणेवरच होती.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णयबिंदू दुसऱ्या टॉप-अपचा होता. ही बंद यंत्रणा आहे, त्यात ऑइल खर्च होत नाही. प्लेट झिजतात तशी पातळी शेकडो तासांत किंचित उतरते. दोन दिवसांत २०० मिली जाणं म्हणजे बिघाडच, आणि मशीन तिथेच उभं राहायला हवं होतं. तेव्हा थांबवलं असतं तर हँडब्रेक आणि गिअरबॉक्सचं तेल वाचलं असतं. फ्रिक्शन प्लेटही कदाचित वाचल्या असत्या.

दुसरा बिंदू मास्टर सिलिंडर खोलण्याआधीचा. लेव्हल प्लग उघडायला एक पाना आणि पाच मिनिटं लागतात. मात्र एक सावधगिरी: टाकीत बरोबर खनिज तेल असतं तर एक्सलचं तेल गढूळ झालं नसतं, नुसतं वाढलं असतं. म्हणून तेलाच्या रंगावर विसंबू नये, पातळी मोजावी.

तिसरी गोष्ट या दुरुस्तीतलीच. टाकीतल्या ऑइलची पाण्याची चाचणी सगळ्यात शेवटी झाली, ती पहिली व्हायला हवी होती. पारदर्शक नळीच्या चाचणीसाठी आणलेलं ताजं ऑइल त्याआधीच दूषित ब्रेकमध्ये गेलं आणि वाया गेलं.

आता टाकीच्या झाकणावर रंगाने ‘फक्त खनिज ब्रेक तेल’ असं लिहिलं आहे, त्याच तेलाचा सीलबंद डबा केबिनमागच्या पेटीत ठेवला आहे, आणि तासांच्या वहीत ब्रेक ऑइलचा वेगळा रकाना आहे: तारीख, तास, किती मिली, कोणत्या डब्यातून, कोणी. त्या रकान्यात एकाच महिन्यात दोन नोंदी दिसल्या तर मशीन कामावर जात नाही.